नानीच्या ओव्या आणि एक फोल्डर

आमच्या नगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर) मुसलमानांच्या घरात उर्दू किती आणि मराठी किती, यावर शहरातली माणसं तावातावाने बोलतात. खेड्यात हा वाद फारसा ऐकू येत नाही. शेवगाव तालुक्यातली आमची नानी नमाज अरबीत पढायची, आम्हांला दखनीत रागवायची आणि जात्यावर बसली की मराठीत गायची. तिच्या ओवीत माहेरचा भाऊ यायचा, कर्बला यायची आणि नगरच्या कोठल्यातून निघणाऱ्या मोहरमच्या सवाऱ्याही यायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, पण नानीच्या दारापर्यंत कुणी आलं नव्हतं. म्हणून आम्ही चौघा भावंडांनी एका उन्हाळ्यात टेपरेकॉर्डर घेऊन तिच्यासमोर बैठक मारली.

गावात गिरणी येऊन जमाना झाला होता. जातं कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं. पण हाताला खुंटा लागल्याशिवाय नानीला ओवी आठवेना. आम्ही जातं मांडलं आणि रिकामंच फिरवायला लागलो, तर ती ओरडली, ‘अरे, मूठभर जवारी डालो, पत्थर पत्थरकू खाता!’ ज्वारी टाकली, घरघर सुरू झाली आणि नानीचा गळा लागला. सहा कॅसेटी भरल्या. प्रत्येकीच्या पाठीवरची प्लास्टिकची टिकली आम्ही लगेच तोडून टाकली. टिकली तोडली की कॅसेटवर पुन्हा काही भरलं जात नसे. इतकी साधी आणि इतकी शहाणी सोय पुढच्या कुठल्या यंत्रात आम्हांला दिसली नाही.

नानी गेली. दोन पावसाळ्यांत कॅसेटींना बुरशी धरू लागली, तेव्हा त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. जुन्या फिती पुढे वाजेनाशाच झाल्या. आता नानी एका फोल्डरात होती.

मग कॉम्प्युटर रडतखडत चालू लागला. शहरातल्या एका दुकानदाराने तो नेला आणि सांगितलं, ‘तुमचा सगळा डाटा डी ड्राइव्हला हलवतो, सी साफ करतो, विंडोज नव्याने टाकतो.’ नानीचा फोल्डर कोणता, तोही आम्ही त्याला दाखवून ठेवला. मशीन घरी आलं. फोल्डर जागेवर दिसत होता, नावासकट. दाबला तर उघडेना. चित्राच्या कोपऱ्यात एक चिमुकला बाण होता. त्याने मूळ फोल्डर न हलवता डेस्कटॉपवरचा शॉर्टकट हलवला होता. शॉर्टकट म्हणजे नुसता पत्ता. पत्त्यावरचं घर त्याने सी ड्राइव्हबरोबर साफ केलं होतं.

या प्रकरणात ‘हलवणे’ या शब्दाची खरी गंमत आम्हांला कळली. एकाच ड्राइव्हमध्ये फाईल इकडून तिकडे नेली तर ती जागची हलतच नाही, फक्त यादीतली तिची नोंद बदलते. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नेली तर आधी तिची नक्कल होते आणि मग मूळ प्रत पुसली जाते. आणि पुसणं म्हणजे तरी काय? त्या जागेवर ‘रिकामी’ अशी पाटी लागते, आतला ऐवज काही काळ तसाच असतो. नवं काही येऊन बसेपर्यंत. आमच्याकडे तर विंडोजच येऊन बसलं होतं. (हल्लीच्या एसएसडी डिस्कमध्ये तेवढीही सवलत बहुधा मिळत नाही, यंत्र रिकामी जागा स्वतःहून साफ करत राहतं.)

पुण्यातल्या एका जाणकाराने डिस्क खरवडून काही तुकडे काढून दिले. नावं गेली होती, नुसते आकडे. बहुतेकांत खरखर. तीन तुकड्यांत नानी सापडली. त्यांतल्या एकात ती सवारीची ओवी म्हणते आहे, एका गावाचं नाव घ्यायला सुरुवात करते आणि आवाज तुटतो. ते गाव कोणतं, यावर आमच्या घरात आजतागायत एकमत नाही.

असं फक्त गल्लीतल्या दुकानातच होतं असंही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नवी आवृत्ती दिली आणि काही लोकांच्या फाईली नाहीशा झाल्या. ज्यांनी डॉक्युमेंट्सचा फोल्डर दुसऱ्या जागी वळवला होता, पण जुन्या जागी काही फाईली तशाच होत्या, त्यांचा जुना फोल्डर निरुपयोगी समजून या आवृत्तीने पुसला. कंपनीला वाटप थांबवावं लागलं, दुरुस्त आवृत्ती नोव्हेंबरात आली. फटका बसलेल्यांचं प्रमाण अगदी नगण्य होतं, असं कंपनीने सांगितलं. ज्याची फाईल गेली त्याला हे प्रमाण ऐकून काय वाटलं असेल, ते आम्ही जाणतो.

आमच्याच नगरच्या निजामशाहीतलं ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. हुसेन निजामशहाची बेगम आणि चांदबिबीची आई खुंजा हुमायूँ त्यातल्या चित्रांत होती. पुढे मुलाने, मुर्तझाने, तिला कैदेत टाकलं. अनेक चित्रांतून तिची आकृती नंतर मिटवलेली आहे. पण कागदावर मिटवल्याचीही खूण उरते, शहाच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं एवढं तरी कळतं. आमच्या डिस्कवर ते भाग्य नव्हतं.

गेल्या वर्षी आम्ही धाकट्या खालाकडे गेलो आणि तिला तो तुटका तुकडा मोबाइलवर ऐकवला. खालाने डोळे पुसले, पुन्हा लावायला सांगितलं, आणि आवाज तुटला त्या शब्दापासून पुढे स्वतः गायला लागली. गावाचं नाव तिने पाथर्डी घेतलं. आमचा मोठा भाऊ म्हणाला, ‘खाला, नानी तर भिंगार म्हणायची.’

‘मेरी अम्मा थी के तेरी?’ खाला म्हणाली, ‘लिख, पाथर्डी.’

आम्ही लिहिलं. शेजारी कंसात भिंगारही लिहून ठेवलं आहे. तिचा आवाज आता चार घरांतल्या चार मशीनांवर आहे आणि मोबाइलवर वेगळा. उरलेल्या ओव्यांसाठी तिने रमजान ईदनंतर बोलावलंय, येताना ज्वारी आणा म्हणालीय.