दिव्यांचा पंचनामा

मोटारीचे दिवे बंद पडले की माणसे प्रथम बल्बवर आळ घेतात. शासनाच्या महसूल खात्यात हयात गेल्यामुळे आम्हांस मात्र पंचनाम्यावाचून कोणास दोषी ठरविण्याची सवय नाही. एकच दिवा विझला, तर बल्ब गेला असण्याचा संभव मोठा. दोन्ही एकाच क्षणी गेले, तर दोन बल्बांनी संगनमत केले असे सहसा घडत नाही. मग दोघांच्या सामाईक वाटेवर शोध घ्यावा : फ्यूज, रिले, स्विच, अर्थिंग.

काही वर्षांपूर्वी सौभाग्यवतींच्या थोरल्या बंधूंना धुळ्यास इस्पितळात ठेवल्याचा फोन आला आणि आम्ही रात्रीच इंदुराहून निघालो. वाहन म्हणजे एका गृहस्थांकडून विकत घेतलेली जुनी मारुती ८००. मानपूर ओलांडले आणि समोरचा रस्ता एकाएकी नाहीसा झाला. गाडी कडेला घेऊन चारही इंडिकेटर लावले. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. मांडीवरच्या डब्यावर त्यांचा हात तेवढा घट्ट झाला.

हॉर्न खणखणीत वाजत होता, म्हणजे बॅटरी शाबूत. पार्किंगचे आणि मागचे तांबडे दिवे जळत होते. फ्यूज काढून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तार अखंड. डिपरची दांडी ओढली की लख्ख उजेड पडे, सोडली की काळोख! अर्थात बल्ब आणि अर्थिंग दोन्ही निर्दोष. दिव्यांच्या स्विचपाशीच वीज अडत होती. निदान झाले, पण औषध जवळ नव्हते. एका भल्या ट्रकचालकाने आपली गाडी सावकाश पुढे घेतली आणि त्याच्या उजेडामागून आम्ही जवळचा ढाबा गाठला.

तेथे पंक्चर काढणारा एक तरुण वायरिंगचेही काम करी. उपकरण एकच, दोन तारा जोडलेला बल्ब. एक तार पत्र्याला लावून दुसरी एकेका जोडावर टेकवीत तो स्टिअरिंगखाली पोहोचला. "बाबूजी, कपलर जल गया." प्लॅस्टिक वितळून काळे पडले होते. आधीच्या मालकांनी ६०/५५ वॅटऐवजी १००/९० वॅटचे बल्ब बसविले होते, हे पुढे इंदुरात उघडकीस आले. १२ व्होल्टला ५५ वॅटचे दोन बल्ब सुमारे ९ अँपिअर घेतात, ९० वॅटचे दोन १५. रिले नसेल, तर हा सारा भार स्विचच्या माथी. फ्यूज टिकतो, जोड वितळतो.

त्या मुलाने जळका भाग कापून तारा फ्यूजसह सरळ जोडून दिल्या. उजाडता धुळ्यास पोहोचलो. मेहुणे शुद्धीवर होते, बहिणीशी बोलले. दुपारनंतर ते कोणाशीच बोलले नाहीत.

परतल्यावर आम्ही रिले बसवून घेतला आणि योग्य वॅटचे बल्ब घातले. हॅलोजनच्या काचेस उघडे बोट लावू नये. बोटाच्या तेलकटपणाने काच एका जागी अधिक तापते. इंडिकेटरबरोबर पार्किंगचा दिवाही उघडझाप करू लागला, तर अर्थिंग गंजल्याचा संशय घ्यावा. चिरंजीवांच्या नव्या गाडीत दिवसाही जळणारे दिवे आहेत. ते समोरच असतात. चालक निश्चिंत आणि मागे काळोख, असा प्रकार संध्याकाळी आम्ही नित्य पाहतो.

दर रविवारी सौभाग्यवती आमच्या गाडीमागे उभ्या राहतात. आम्ही ब्रेक दाबतो. त्या "डावा लागला, उजवा लागला" असे मोठ्याने सांगतात.