रब्बी, कीर्तनकार आणि एक शब्द

अमेरिकेतला गर्भपाताचा वाद म्हणजे एका बाजूला धर्मवाले आणि दुसऱ्या बाजूला बाकीचे, असंच आपल्याला बातम्यांतून दिसतं. म्हणून जून २०२२ मधली एक बातमी मी दोनदा वाचली. फ्लोरिडातल्या बॉयंटन बीचच्या एका सिनेगॉगने राज्य सरकारवर खटला भरला होता. तक्रार काय, तर १५ आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घातल्याने आम्हाला आमचा धर्म पाळता येत नाही! पुढाकार होता रब्बी बॅरी सिल्व्हर यांचा.

मग शनिवारभर वाचत बसले. ज्यूंच्या मिश्ना ग्रंथात स्पष्ट आहे: बाळंतपणात आईच्या जिवावर बेतलं तर गर्भ काढावा, कारण तिचा जीव आधी. तालमूद तर पहिले ४० दिवस गर्भाला नुसतं पाणी मानतो. सगळे रब्बी एकमताचे नाहीत, सनातनी मंडळी बरीच कडक आहेत. पण 'आई आधी' याबद्दल वाद नाही.

आणि हे काही फार लांबचं नाही बरं का. १९२५ मध्ये मुंबईत ज्यूंची उदारमतवादी धर्मसंस्था उभी करण्यात पुढे होत्या बेने इस्राएल समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड. त्या स्त्रीरोगतज्ज्ञ, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. मुंबईत बाळंतपणात बायका का मरतात, याची पाहणी त्यांनी १९३७-३८ मध्ये केली. म्हणजे प्रार्थना आणि प्रसूतिगृह, दोन्ही एकाच बाईच्या हातात!

आता आमच्या वऱ्हाडात या.

चार-पाच वर्षांपूर्वी अकोल्यातल्या माझ्या मामेबहिणीला तिसऱ्यांदा दिवस गेले. पदरात दोन लेकरं, तांबी बसवलेली, तरीही. आठवा आठवडा. एका दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली. नवरा सुरतेला कामावर. दुसरीकडे भिंतीवरच्या 'भ्रूणहत्या महापाप' या पाटीकडे बोट दाखवलं. केमिस्ट म्हणे, "त्या गोळ्या ठेवतच नाही ताई, कटकट नको." शेवटी अमरावतीला जाऊन काम झालं. येताना एसटीत ती एवढंच म्हणाली, "मी काय खून केला का वं?"

कायदा काय सांगतो? १९७१ पासून गर्भपात ठरावीक कारणांसाठी कायदेशीर आहे, आणि संततिनियमनाचं साधन फसणं हे त्यातलं एक कारण. सज्ञान बाईला फक्त तिची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही नाही. बंदी आहे ती लिंग तपासण्यावर, १९९४ च्या वेगळ्या कायद्याने. ती हवीच. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४. पण 'भ्रूणहत्या' या एका शब्दात आपण दोन्ही कोंबलं. मुलगी नको म्हणून पाडणारं घर आणि मूलच झेपत नाही म्हणणारी बाई, दोघंही एकाच पाटीखाली!

ही गाठ सोडवायला वकिलापेक्षा कीर्तनकार बरा, असं मला वाटतं. गाडगेबाबांनी देवाला बळी देणाऱ्यांना भर कीर्तनात झाडलं. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत 'महिलोन्नती' हा अख्खा अध्याय लिहिला. अकोटचे सत्यपाल महाराज आजही सात खंजिऱ्या वाजवत दारू नि अंधश्रद्धेवर बोलतात, आणि अख्खं गाव हसत हसत ऐकून घेतं. इतकं रोखठोक बोलणारी माणसं आपल्याकडे आहेत हो! 'पोरगी मारू नका' हे मी कीर्तनांतून कितीदा तरी ऐकलंय. त्याच्यापुढचं वाक्य मात्र अजून ऐकायचंय: 'आणि जिला झेपत नाही, तिला पापी म्हणू नका.'

पहिल्या वाक्याला टाळ्या पडतात. दुसऱ्याला कदाचित पडणार नाहीत. पण मांडवात मागे बसलेल्या बायकांमध्ये एखादी तरी असेल, जी त्या रात्री जरा शांत झोपेल.