रंगाचा हात

मी मोटार घेतली आहे. लाल रंगाची, दोघांनी बसायची, इटलीतल्या फेरारी कंपनीची. ही बातमी मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितली, तेव्हा अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या हातातला कप बशीवर टेकायचा विसरला. पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावी मराठीचा अध्यापक फेरारी घेतो, याला दोनच कारणे संभवतात. एक तर त्याने शिकवण्या सुरू केल्या असाव्यात, नाहीतर सासऱ्यांनी मृत्युपत्र केले असावे. शेवटी मीच सांगून टाकले, की ही मोटार अठरा सेंटीमीटर लांब असून सध्या आमच्या कपाटात शब्दकोशाच्या शेजारी उभी आहे. तेव्हा कुठे कप बशीवर टेकला आणि जगाचे अर्थशास्त्र पूर्ववत सुरू झाले.

ही मोटार माझ्याकडे आली ती भाच्यामुळे. तो पुण्याला असतो. त्याने हौसेने जपानी तामिया कंपनीचा संच आणला, आठ दिवस डबा उघडून पाहिला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे येताना तो डबा घेऊनच आला. "मामा, तुम्हीच जोडा आता. तुम्हाला वेळ असतो," तो म्हणाला. प्राध्यापकाला वेळ असतो ही समजूत आमच्या नातेवाइकांत फार दृढ आहे. मी ती खोडून काढीत नाही, कारण मे महिन्यात तरी ती खरी असते.

डब्यात मोटार नव्हतीच! प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या, आणि झाडाला फळे लगडावीत तसे त्या चौकटींना मोटारीचे सुटे अवयव लगडलेले होते. चाके, आरसे, आसने, इंजिनाचे तुकडे. एकेक फळ चिमट्याने अलगद तोडायचे, देठाची खूण घासून काढायची आणि कागदावरच्या चित्रांप्रमाणे जोडायचे. सूचना वाचण्यापेक्षा अमृतानुभव शिकवणे सोपे, असे मला पहिल्या संध्याकाळी वाटले.

लहानपणी आम्हीही गाड्या केल्या होत्या. जोंधळ्याच्या धाटाचे पेर सोलायचे, आतला पांढरा भेंड निराळा करायचा, सालीच्या चोया त्यात टोचायच्या, की बैलगाडी तयार. पोळ्याला मातीचे बैल व्हायचे, तेच तिला जुंपायचे. त्या गाडीचे चाक बैलापेक्षा मोठे झाले तरी कोणी आक्षेप घेत नसे. इथे मात्र प्रत्येक गोष्ट चोवीस पटींनी लहान. खरी मोटार चार मीटर आणि सुमारे छत्तीस सेंटीमीटर लांब. तिला चोवीसने भागले की अठरा सेंटीमीटर येतात. त्या हिशेबाने मी स्वतः सात सेंटीमीटरांचा होतो. खऱ्या मोटारीचा कमाल वेग ताशी ३२४ किलोमीटर. त्यालाही चोवीसने भागले तर साडेतेरा येतात. आमच्या गावच्या रस्त्यांना हा वेग अगदी मानवणारा आहे.

या जपानी मंडळींची चिकाटी मात्र विलक्षण. हे घराणे मूळचे शिझुओका शहरातले लाकडाचे व्यापारी. पुढे ते लाकडी खेळण्यांकडे आणि १९६० साली प्लॅस्टिककडे वळले. १९७६ साली पोर्शा मोटारीची प्रतिकृती काढायची ठरली, तेव्हा त्यांनी फोटोंवर भागवले नाही. खरीखुरी पोर्शा ९११ विकत घेतली आणि मापे घेण्यासाठी ती सुटी करून टाकली! एका खेळण्यासाठी! आमच्याकडे एखाद्या कवीवर प्रबंध लिहिणारा त्या कवीचे सगळे संग्रह विकत घेईलच असे सांगता येत नाही.

माझ्या वाट्याला आलेली मोटार म्हणजे फेरारी एफ ४०. कंपनीच्या नावाची पहिली मोटार १९४७ साली निघाली. तिला चाळीस वर्षे झाली म्हणून १९८७ साली ही काढली. संस्थापक एन्झो फेरारी १९८८ साली वारले. त्यांच्या हयातीत, त्यांच्या संमतीने निघालेली ही शेवटची. एवढी मौल्यवान मोटार, पण आत पाहावे तर रेडिओ नाही, गालिचा नाही. आतून दार उघडायला मूठसुद्धा नाही. नुसती एक दोरी लोंबत असते, ती ओढायची. वजन वाचवायचे म्हणून हे सारे. रंगही इतका पातळ दिला, की त्याखालच्या कार्बनच्या धाग्यांची वीण वरून दिसत असे. हे वाचले तेव्हा मला नुसती गंमत वाटली होती. त्यातले मर्म पुढे कळायचे होते.

जुळणी चांगली झाली. इंजिन या मोटारीला मागे असते, आणि मागच्या पारदर्शक झडपेतून ते दिसते. म्हणून तुटक्या इयरफोनमधल्या बारीक तारा काढून मी त्याला जोडल्या. सौभाग्यवती दोनदा येऊन पाहून गेल्या. "घरातला नळ तीन महिने गळतोय," एवढेच म्हणाल्या.

आणि मग रंग. संचातले अंग मुळातच लाल प्लॅस्टिकचे होते, पण त्याला खेळण्याची कळा होती. चौकातल्या दुकानातून मी स्कूटरला मारतात तो लाल फवाऱ्याचा डबा आणला, अंगणात उभा राहिलो आणि एका दमात मोटार रंगवून टाकली. पाच मिनिटे ती अशी काही झळकली, की मला भाच्याला फोन करावासा वाटला. सहाव्या मिनिटाला दारावरून एक ओघळ उतरू लागला. दहाव्या मिनिटाला बोनेटवर सुरकुत्या पडल्या. रंगातल्या द्रावणाने प्लॅस्टिकच खायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी ते कलेवर रुमालात गुंडाळून मी बसस्थानकापलीकडच्या एका गॅरेजात गेलो. तिथे डेंटिंग-पेंटिंग होते. दिवस पोळ्यानंतरचे. साखर कारखान्यांचा हंगाम जवळ आलेला, त्यामुळे दारात उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एक तिशीच्या आतला तरुण ट्रॉलीच्या फळीवर लांबी भरत होता. त्याने रुमाल उघडून पाहिला, मग माझ्याकडे पाहिले.

"सर, घाई केली बघा तुम्ही," तो म्हणाला.

तो मला ओळखत होता. मी त्याला ओळखले नाही. मराठीचाच विद्यार्थी, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत आलेला, असे त्यानेच सांगितले.

मी म्हटले, "थिनरने पुसून टाकू का?"

"थिनर लावू नका. प्लॅस्टिक विरघळंल. पाणी आणि पॉलिशपेपर. आधी सहाशे नंबर, मग हजार, मग दीड हजार. चार दिवस लागतील."

"पण वरून जाडसर हात मारला तर या सुरकुत्या झाकल्या जाणार नाहीत का?"

तो हसला. "सर, रंग काही झाकत नसतो. खाली जे असंल ते वर आणून दाखवतो. चमक जेवढी जास्त, तेवढं जास्त दिसतंय."

वीस वर्षे मी अलंकार शिकवतो आहे. शोभा म्हणजे काय, हे मला इतक्या थोडक्यात कोणी सांगितले नव्हते.

त्यानंतर पंधरा-वीस संध्याकाळी मी त्या गॅरेजात विद्यार्थी होतो. आधी साबणाने धुवायचे, कारण बोटांचे तेल लागले तिथे रंग धरत नाही. मग प्रायमर, म्हणजे अस्तर. अस्तर वाळले की खड्डे दिसू लागतात. त्यांत लांबी भरायची, पुन्हा घासायचे, पुन्हा अस्तर. "लाल रंग लई भित्रा असतो सर, एकटा उभा ऱ्हात नाही," तो म्हणाला. म्हणून लालच्या खाली आधी गुलाबी हात. मी गुलाबी फेरारी घरी नेली तेव्हा सौभाग्यवती पहिल्यांदा मनापासून हसल्या. फवारा मारताना हात गाडीच्या बाहेर सुरू करायचा आणि गाडी ओलांडून बाहेरच थांबवायचा. अंगावर थांबला की तिथेच ओघळ येतो. पहिला हात नुसता धूळ बसल्यासारखा. मग थांबायचे. मग दुसरा. या साऱ्या शास्त्रात थांबणे हाच मुख्य भाग आहे, आणि तोच मला येत नव्हता.

राहिली धूळ. बालाघाटाच्या या माथ्यावर पाऊस बेताचा आणि वारा मुबलक. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात उगम पावते, पण पाणी पुढच्यांना देऊन धूळ आमच्याकडे ठेवते. गॅरेजात रंगापूर्वी जमिनीवर पाणी शिंपडतात. तो म्हणाला, "घरी पहाटे सडा पडल्यावर मारा. तेव्हा वारं नसतंय." म्हणून आमच्या घरी नवाच प्रघात पडला. सौभाग्यवती सडा टाकीत, आणि त्यांनी रांगोळी काढायच्या आत मी डबा कोमट पाण्यात धरून, हलवून, एक हात मारून घेई. सूर्य वर यायच्या आत मोटार आत. असे सहा हात झाले.

याच दिवसांत एका संध्याकाळी मला तो आठवला. म्हणजे पूर्ण आठवला.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गातली बाके विरळ होतात. आमच्या भागातली निम्मी घरे तेव्हा उसाच्या फडावर गेलेली असतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. आई आजारी असेल तर तिच्या जागी मुलगा उभा राहतो. तो मुलगा एप्रिलमध्ये परत आला आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसला. मी हजेरीपट उघडला. त्याच्या नावापुढे पाच महिने लाल शाईच्या फुल्या होत्या. मी कारण विचारले. तो उभा राहून म्हणाला, "ऊसतोडीला गेलो होतो." आणि मी, मराठीचा अध्यापक, हाताशी आलेली संधी सोडीना. मी म्हणालो, "अरे, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये!"

वर्ग खळखळून हसला. मला स्वतःच्या हजरजबाबीपणाचे फार कौतुक वाटले. ती कोटी मी स्टाफरूममध्येही सांगितली. पुढच्या वर्षी त्याचे नाव पटावर नव्हते. ते माझ्या ध्यानातही आले नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात मी घुटमळत विषय काढला. "त्या वेळी मी वर्गात काहीतरी बोललो होतो..."

तो ट्रॉलीला चिकटपट्टी लावत होता. मान वर न करता म्हणाला, "म्हण बरोबर बसली होती, सर."

मी म्हटले, "बरोबर बसली नव्हती. तू ऊस खात नव्हतास. तोडत होतास."

त्याने पट्टीची कड नखाने दाबली. जरा वेळाने म्हणाला, "कॉलेज त्याच्यामुळं नाही सुटलं, सर. उचल फिटली नव्हती." मग मला धीर द्यावा तसे म्हणाला, "तुम्ही शिकवायचात चांगलं."

मी त्याच्याकडून क्षमा मिळवायला गेलो होतो. तो मला प्रमाणपत्र देऊन मोकळा झाला. त्या प्रमाणपत्राचे काय करावे, हे मला अजून कळलेले नाही. एवढे मात्र केले. यंदा माझ्या वर्गातून दिवाळीनंतर जाणारे सातजण आहेत. त्यांची नावे मी आधीच विचारून घेतली आहेत. टिपणे त्यांच्या फोनवर पाठवायची आणि पंधरा दिवसांनी एक पान त्यांनी लिहून मला पाठवायचे, असे ठरले आहे. हजेरीचा नियम माझ्या हातात नाही; त्यावर काय बोलायचे, हे आहे.

मोटार नवरात्रात पूर्ण झाली, आणि दसरा झाल्यावर एका संध्याकाळी तो ती पाहायला घरी आला. यंदा तोही निघाला आहे. "गावच रिकामं झाल्यावर गाड्या कुणाच्या रंगवायच्या, सर?" म्हणाला. त्याने हात धुतले, पुसले, आणि मोटार दोन बोटांनी उचलून आधी उलटी केली. तळ पाहिला. "खालूनबी केलंय," एवढेच म्हणाला. मग सरळ करून दिव्याकडे धरली.

इथे एक कबुली द्यायला हवी. शेवटच्या हाताला माझा संयम सुटला होता. उजव्या दाराखाली एक बारीकसा ओघळ राहिला आहे. तांदळाच्या दाण्याएवढा. म्हणून मी मोटार कपाटात अशी ठेवली होती, की डावी बाजू बैठकीकडे यावी आणि उजवी भिंतीकडे. त्याने गाडी फिरवली. त्याचा अंगठा त्या ओघळापाशी क्षणभर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. बोललाही नाही. चहा घेऊन सौभाग्यवती येत होत्या, त्यांना म्हणाला, "लई झ्याक झालीय, वहिनी." आणि मोटार त्याने जशी होती तशीच, उजवी बाजू भिंतीकडे करून, कपाटात ठेवली.

तो गेल्यावर मी ती उचलली आणि फिरवून ठेवली.

"वाईट बाजू इकडे का केलीत?" सौभाग्यवतींनी विचारले.

मी म्हटले, "उजेड या बाजूने येतो."