डिकीवाली गाडी

आमच्या नया नगरात 'सेडान' कुणी म्हणत नाही, 'डिकीवाली' म्हणतात. महाड-खेडकडे लग्नाला जायचं, तर बॅगा मागे आणि परतताना तांदळाची गोणी, आंब्याच्या पेट्याही मागेच. आत फक्त माणसं. आखातात दहा-बारा वर्षं राबून आलेला माणूस पहिली गाडी घ्यायचा ती डिकीवालीच. आज इमारतींखाली पाहा, सगळ्या उंच गाड्या. डिकीवाली दिसलीच तर बहुधा पिवळ्या नंबरप्लेटची.

माझ्या वर्गातल्या अनेक मुलांचे अब्बा याच पिवळ्या पाटीवर घर चालवतात. पालकसभा संपल्यावर त्यांतले एक थांबले. म्हणाले, "सर, माझी गाडी काही खराब नव्हती. मग कंपनीने बनवणं बंद का केलं?" विकायला गेले तर दलालाने 'बंद मॉडेल' म्हणून निम्मा भाव सांगितला. मॉडेल बंद झालं म्हणून कर्जाचा हप्ता काही बंद होत नाही.

याचं उत्तर शोधायला २००६ च्या अर्थसंकल्पापर्यंत मागे जावं लागतं. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं. छोटी गाडी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. झालं! कंपन्यांनी मोजपट्टी काढली. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची शेपटी आखडून 'सीएस' आणली. त्याच वर्षीची स्विफ्ट डिझायर चार मीटरपेक्षा लांब होती. २०१२ मध्ये नवी आली ती ३९९५ मिलिमीटरची. मर्यादेच्या फक्त पाच मिलिमीटर आत! मग २०१३ ला होंडाची अमेझ, २०१४ ला ह्युंदाईची एक्सेंट आणि टाटांची झेस्ट, २०१५ ला फोर्डची अस्पायर, २०१६ ला चाकणला बनणारी फोक्सवॅगनची अमिओ. मागून छाटल्यासारख्या दिसायच्या यांतल्या काही, कारण छाटलेल्याच होत्या. (आपल्या कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मुळातच चार मीटरच्या आत होती आणि डिकीसकट देखणी होती. तिला करासाठी कुणी कात्री लावली नव्हती.)

पण नियमात लांबी होती, इंजिन होतं, उंचीचं नाव नव्हतं. २०१३ ची इकोस्पोर्ट, २०१६ ची ब्रेझा, २०१७ ची नेक्सॉन, सगळ्या चार मीटरच्या आत. कर तोच आणि बसायला उंच. आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यात उंची म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. कंपनीचं गणित तर त्याहून सोपं. साधारण तेवढ्याच लांबीच्या गाडीला डिकी जोडली तर गिऱ्हाईक थोडेच पैसे जास्त देतं. तिला उंच करून रुबाबदार केलं की बरेच जास्त देतं.

त्यातच ओला-उबर आल्या. स्वस्त, जागा बरी, मायलेज चांगलं, म्हणून टॅक्सीवाल्यांनी याच गाड्या घेतल्या. मग घरच्या गिऱ्हाइकाला वाटू लागलं की आपण सिग्नलला उभे राहिलो तर कुणी दार उघडून आत बसेल! तो पळाला उंच गाडीकडे. उरला टॅक्सीवाला, जो रुपयाचाही हिशोब करतो आणि सर्वांत साधं मॉडेल घेतो. त्याच्याकडून कंपनीला किती सुटणार?

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं. पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यात १.३ लिटरचं डिझेल इंजिन बनायचं. झेस्टमध्ये ते होतं, आणि डिझायरचं डिझेल इंजिनही त्याच जातकुळीचं. अशी छोटी डिझेल इंजिनं नव्या नियमात बसवायचा खर्च स्वस्त गाडीला पेलणारा नव्हता. त्या सुमारास झेस्ट, अमिओ, टोयोटाची इटिऑस गेल्या. एक्सेंटच्या जागी ऑरा आली. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादनच थांबवायचं जाहीर केलं आणि अस्पायरही संपली.

मग डिझायर कशी टिकली? संख्येवर. २०१८ मध्ये ती देशात सर्वांत जास्त खपलेली गाडी होती, आणि तिचे बरेच भाग स्विफ्टशी जुळतात. धूर, एअरबॅग, टक्कर-चाचणी, प्रत्येक नव्या नियमासाठी गाडीची नव्याने जुळवणी करावी लागते. महिन्याला पाचशे गाड्या खपोत की पंधरा हजार, तो खर्च जवळपास तेवढाच. म्हणून त्या पालकांना मी एवढंच सांगितलं, "भाई, तुमची गाडी वाईट नव्हती, तिला भावंडं कमी होती." ते हसले, पण भावाचा प्रश्न राहिलाच. सेकंडहँड घेणाऱ्यांना माझं सांगणं, बंद मॉडेल घ्यायचंच असेल तर त्याचं इंजिन आणि गिअरबॉक्स आजच्या एखाद्या चालू गाडीत आहे का, ते आधी आपल्या मेकॅनिकला विचारा. रंग आणि सीटकव्हर नंतर.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला, मोठ्यांवर ४०. मोजपट्टी तीच, २००६ ची. उंची अजूनही कुणी मोजत नाही. आमच्या इमारतीत त्यानंतर तीन नव्या गाड्या आल्या. दोन उंच. तिसरी डिकीवाली, पिवळ्या पाटीची. तिची डिकी सीएनजीच्या टाकीने भरलेली आहे आणि सामानासाठी टपावर कॅरिअर लावलाय.