तगरची पांढरी

पालमसारख्या गोदाकाठच्या तालुक्याच्या गावी राहून ज्याने थोडाफार इतिहास वाचला, त्याच्या मनात अथेन्स नगरीने केव्हातरी घर केलेले असतेच. अक्रोपोलिसची टेकडी, तिच्यावरील पार्थेनॉनचे शुभ्र स्तंभ आणि पेरिक्लीजचा वैभवकाळ पाहण्याची उत्कंठा मीही पुष्कळ वर्षे बाळगली. परंतु ज्या ग्रीकांच्या नगराची एवढी ओढ, त्यांच्याच भाषेत आमच्या मराठवाड्यातील दोन नगरांची नोंद झालेली आहे, हे समजल्यावर आधी घरचे नगर पाहावे, असे मी मनाशी ठरविले.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात, मिसर देशात राहून ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचे जे टिपण केले आणि जे ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे, त्यात भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर असल्याचे नमूद आहे. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड आणि तगरहून साधे कापड व नाना प्रकारची मलमल, असा माल गाड्यांवर लादून धड वाटही नसलेल्या मुलुखातून भडोचला उतरत असे. पुढे कोकणच्या व कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद शतकानुशतके अभिमानाने मिरविले. मात्र नगर नेमके कोठे होते याचा विसर पडला, आणि विद्वान मंडळी त्याला कधी देवगिरीस, कधी जुन्नरास, कधी कोल्हापुरास शोधीत राहिली. 1901 साली फ्लीट या पंडिताने तेरणाकाठचे तेर हेच तगर होय असे साधार प्रतिपादन केले, आणि तो वाद बहुतांशी मिटला.

गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब असा रस्ता धरून तेर गाठले, तर प्रथमदर्शनी दृष्टी दिपावी असे काही आढळत नाही. गावाभोवती पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडे आहेत. गावात त्रिविक्रमाचे मंदिर आहे. त्याचा मागील भाग गजपृष्ठाकार, विटांचा, वरून कमानदार, म्हणजे डोंगरात कोरलेल्या चैत्यगृहांचाच घाट सपाटीवर उभा केलेला. हे मूळचे बौद्ध चैत्य असावे, हे पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स याचे मत आज सामान्यतः मान्य आहे. पुढे त्याला मंडप जोडला गेला, आत विष्णूची त्रिविक्रममूर्ती प्रतिष्ठित झाली, आणि दिवा तेवत राहिला. पार्थेनॉनही अथेनादेवीचे मंदिर होते, ते चर्च झाले, पुढे मशीद झाली, आणि या सर्व स्थित्यंतरांतून ते उभेच राहिले. 1687 साली तुर्कांनी तेथे दारूचा कोठा केलेला असताना व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा त्यावर पडला, तेव्हा ते फुटले. उपासना बदलली तरी उपासक आहेत तोवर वास्तूची निगा राहते, हे तेरच्या त्या ठेंगण्या गाभाऱ्यासमोर मला जितके स्पष्ट जाणवले तितके ग्रंथांतून कधी जाणवले नव्हते.

तरीही तेर पाहून अनेकजण निराश होतात, आणि त्याचे कारण मला नगराच्या संपत्तीच्या जातीत दिसते. अथेन्सने आपले ऐश्वर्य पेंटेलिकॉनच्या संगमरवरात घातले. तगरने ते सुतात घातले. या काळ्या जमिनीच्या मुलुखातला कापूस वेचून, पिंजून, कातून, विणून जे वस्त्र येथील कारागिरांनी सिद्ध केले, ते समुद्रापलीकडच्या माणसांच्या अंगावर विरून, झिजून नाहीसे झाले. त्या विणकरांपैकी एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही. आजही कापूस पिकविणाऱ्या परभणी जिल्ह्यातील माणसाला याची हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

जे उरले ते मातीत उरले. तेरचे कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी या पांढरीतून निघणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती आणि खापरे आस्थेने जमविली, आणि त्यांच्याच नावाने शासनाचे वस्तुसंग्रहालय येथे उभे आहे. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीसमोर मी फार वेळ उभा राहिलो. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती 1938 साली इटलीतील पाँपेई येथे, इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घरात सापडली. अथेन्सलाही कुंभारांची एक प्रख्यात वस्ती होती, तिचे नाव केरामेइकोस. तिथल्या रंगविलेल्या घटांनी जगातील संग्रहालये भरली आहेत. आमच्या तेरच्या कुंभारवाड्याने मात्र संत गोरोबाकाका दिले, आणि त्यांच्या समाधीवर आजही वारकऱ्यांची दाटी होते.

तेव्हा गोरोबाकाकांच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकांनी एक दुपार त्रिविक्रमाला आणि त्या संग्रहालयाला अवश्य द्यावी. आणि माळवदासाठी आपल्या गावची पांढरी उकरताना एखादा मणी, एखादे नाणे हाती लागले, तर ते सोनाराकडे न नेता जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत पोचते करावे.