धार-देवासच्या वाटेवर

आमच्या धर्मग्रामातील एक विद्यार्थी गेली दोन वर्षे इंदूर येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. गेल्या फेब्रुवारीत त्याने आम्हांस फोन केला. "फादर, शनिवार-रविवारची सुटी आहे. मी व माझे दोन मित्र तुम्हांला माळवा दाखवितो. मात्र येताना बाबांना आणि काकांना, दोघांनाही घेऊन या."

मागणे साधे दिसले, तरी पुरे करणे सोपे नव्हते. हे दोघे सख्खे भाऊ गेली सात वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. वडिलोपार्जित वाडीतील सामाईक विहीर, तीवरील पंपाची पाळी आणि पुढे रागाच्या भरात घातलेले कुंपण, एवढेच काय ते कारण. आम्ही दोन वेळा मध्यस्थी केली आणि दोन्ही वेळा हात हलवीत परत आलो. धाकटे बंधू हे त्या मुलाचे बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता. मुलाच्या शब्दाखातर ते यावयास तयार झाले. थोरलेही येणार आहेत, ही गोष्ट आम्ही त्यांस सांगितली नाही. ती सांगावयास हवी होती, असे आज आम्हांस वाटते. शुक्रवारी रात्री बोरिवली स्टेशनवर भावाला पाहताच त्यांची मुद्रा पालटली. "फादर, हे तुम्ही बरे केले नाही," एवढेच बोलून ते खिडकीशी जाऊन बसले. रात्री मुलाच्या आईने डबा उघडला, अर्ध्या फुग्या कागदावर काढल्या आणि मुलीच्या हाती काकांकडे धाडल्या. त्या परत आल्या नाहीत, यातच आम्ही समाधान मानले.

शनिवारी सकाळी इंदूरला मुलगा व त्याचे दोघे मित्र मोटार घेऊन उभे होते. स्टेशनाबाहेर पोहे-जिलबीचा नाश्ता करून आम्ही पश्चिमेस धारची वाट धरली. दुतर्फा गहू व हरभऱ्याची शेते पसरली होती. धार येथे आपल्या मराठी पवारांचे राज्य होते. १९४८ साली ते मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ पासून हा मुलूख मध्य प्रदेशात आहे. तथापि तेथील जुन्या घरांतून मराठी अद्याप ऐकू येते. बाजारात पत्ता विचारताना आमची बोली ऐकून एका वृद्ध गृहस्थांनी "कोणीकडचे आपण?" असे विचारले, तेव्हा परमुलखात असल्याचा भाव पार मावळला.

धारचा किल्ला तांबूस दगडाचा आहे. याच किल्ल्यात १७७५ साली दुसरा बाजीराव जन्मला. पुण्याच्या शनिवारवाड्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला; त्यापायी चुलते रघुनाथराव व पुण्याचे कारभारी यांत वैर पेटले, आणि आनंदीबाईंना प्रसूतीसाठी धारच्या या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला. घरच्या कलहात जन्मलेल्या त्या बाळाच्याच हातून पुढे १८१८ साली पेशवाई गेली. मुलाच्या मित्राने हा इतिहास सांगितला, तेव्हा दोघे बंधू तटाच्या दोन टोकांना उभे होते. आम्हीही त्यावर काही भाष्य केले नाही.

पुढे लाट मशिदीपाशी गेलो. ही मशीद १४०५ साली दिलावरखानाने बांधली. तिच्याजवळ एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे आडवे ठेवलेले आहेत. तिन्ही मिळून लांबी सुमारे ४३ फूट भरते. दिल्लीचा प्रसिद्ध लोहस्तंभ याच्या मानाने पुष्कळच आखूड, सुमारे २४ फुटांचा. परंतु दिल्लीचा उभा आहे आणि हा मोडून पडला आहे, म्हणून जग पाहावयास जाते ते दिल्लीचा.

दुपारी मांडूस पोहोचलो. येथे जागोजाग गोरखचिंचेची पोटफुगी झाडे आहेत. आफ्रिकेच्या भूमीतील हा वृक्ष मांडूच्या मातीत असा रुजला, की लोक त्याच्या फळास मांडूची चिंच म्हणतात. दोन तलावांच्या मधोमध उभा असलेला जहाजमहाल खरोखरच नांगर टाकलेल्या गलबतासारखा दिसतो. होशंगशहाची संगमरवरी कबर शुभ्र व गंभीर आहे. शहाजहानच्या शिल्पकारांनी १६५९ साली तिचे दर्शन घेतल्याचा लेख तेथे आहे. सायंकाळी आम्ही रूपमतीच्या छत्रीवर चढलो. खाली निमाडचे मैदान पसरले होते आणि दूरवर नर्मदेची रेघ चकाकत होती. दोघे भाऊ एकाच कठड्याशी उभे राहिले. मध्ये मुलगा होता. थोरले म्हणाले, "काकांना विचार, दिसते का नदी." धाकटे म्हणाले, "बाबांना सांग, दिसते." सात वर्षांतील हे पहिले संभाषण होय, परंतु तेही पुतण्याच्या तोंडून झाले.

रविवारी इंदूरला पहाटेची मिस्सा करून आम्ही देवासला गेलो. या नगराची कथा विलक्षण आहे. १७२८ च्या सुमारास पहिल्या बाजीरावांबरोबर तुकोजी व जिवाजी पवार हे दोघे भाऊ माळव्यात आले आणि हा मुलूख त्यांस मिळाला. पुढे वाटणी झाली. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदू लागली: दोन राजे, दोन दरबार, दोन राजवाडे. रस्त्याच्या एका अंगास एकाचा अंमल, तर दुसऱ्या अंगास दुसऱ्याचा. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस होते; त्यांनी या दरबारावर पुस्तकच लिहिले आहे. दोन्ही पात्या १९४८ साली संपल्या. गावातील टेकडीवर तुळजाभवानी व चामुंडा यांची देवळे आहेत. लोक त्यांस थोरली व धाकटी बहीण मानतात. याच देवासला १९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी येऊन राहिले. काही वर्षे त्यांचे गाणे बंद होते. पुढे ते पुन्हा गाऊ लागले आणि १९९२ साली येथेच निवर्तले.

गावातून चालता चालता थोरले बंधू मध्येच थांबले आणि म्हणाले, "फादर, राजे गेले, पात्या गेल्या. रस्ता तेवढा राहिला." त्यांनी हे आम्हांस उद्देशून म्हटले, परंतु धाकटे दोन पावलांवरच होते.

दुपारी आम्ही उदयनगरला गेलो. देवास जिल्ह्यातील हे गाव डोंगराळ, आदिवासी भागात आहे. वाचकांस सिस्टर राणी मारिया यांचे नाव ठाऊक असेलच. केरळातील पुल्लुवळी गावी १९५४ साली जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट धर्मभगिनी १९९२ साली उदयनगरला आल्या. सावकारी पाशात सापडलेल्या गोरगरिबांस त्यांनी एकत्र केले, बचत शिकविली आणि हक्काचे मागण्यास उभे केले. ज्यांचे त्यामुळे बिघडले त्यांनी मारेकरी धाडला. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने इंदूरला निघाल्या असता, इतर प्रवाशांदेखत, नाचनबोर टेकडीपाशी त्यांस भोसकून मारण्यात आले. अंगावर पन्नासाहून अधिक जखमा होत्या. वय अवघे ४१.

कथा येथे संपत नाही. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने २००२ साली तुरुंगात जाऊन त्याच मारेकऱ्याच्या मनगटास राखी बांधली आणि त्यास भाऊ मानले. कुटुंबाने क्षमा केल्यामुळे २००६ साली त्याची जन्मठेपेतून सुटका झाली. पुढच्या वर्षी तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा वृद्ध मातेने त्याच्या हातांचे चुंबन घेतले. त्या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागले होते, हे तिला ठाऊक होते. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे सिस्टर राणी मारिया यांस धन्यवादित घोषित करण्यात आले.

मुलाने ही सारी हकीकत समाधीपाशी उभ्या उभ्या सांगितली. त्याचा कंठ दाटला होता. आम्हांस वाटते, त्याने सहल आखली ती याच जागेसाठी. आम्ही सर्वांनी 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हटली. अपराधांच्या क्षमेच्या शब्दापाशी धाकट्या बंधूंचा आवाज थांबला. थोरल्यांनी पुढची प्रार्थना एकट्याने पुरी केली. कोणी कोणाच्या गळ्यात पडले नाही.

रात्री परतीच्या बसमध्ये आम्ही डोळे मिटून बसलो होतो. मागील आसनावरून धाकट्यांचा आवाज आला, "दादा, विहिरीतला गाळ सात वर्षे काढला नाही."

बऱ्याच वेळाने उत्तर आले, "उपवासकाळ लागतो आहे. पहिल्या शनिवारी काढू. माणसे मी सांगतो."

गाळ निघाला. कुंपण अद्याप उभे आहे. परंतु विहिरीकडे जाण्यापुरती एक फट त्यात पडली आहे आणि पंपाची पाळी दोघे एकमेकांस तोंडाने सांगतात. सुज्ञ वाचकहो, आपल्या गावांत विहिरी पुष्कळ आहेत आणि कुंपणेही पुष्कळ. एका मातेने लेकीच्या मारेकऱ्यास घरात घेतले. आपणांस तर सख्ख्या भावास नुसती हाक मारावयाची आहे. उपवासकाळाची वाट पाहण्याचेही कारण नाही. ती हाक आजच मारावी, एवढीच आमची विनंती.