थायलंडला निघालात?

आमच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या कामानिमित्त परदेशवाऱ्या होतच असतात. ह्यांना बँकॉकला जायचं होतं, तशी मीही सोबत निघाले.

वाट फोच्या देवळातली ४६ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती पाहून बाहेर आले, तर समोर एक गोड चिमुरडी. सवयीनं मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिच्या आईचा चेहरा एकदम उतरला! गाइडनं हळूच सांगितलं, इथे मस्तक सर्वांत पवित्र. परक्यानं त्याला हात लावू नये. मी ओशाळून हात जोडले. तीही हात जोडून हसली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. तिथला 'वाय' म्हणजे आपला नमस्कारच. बायकांनी सोबत 'सवातदी खा' म्हणावं. मूर्तीकडे किंवा माणसाकडे पाय करून बसू नये. देवळात चपला बाहेर, खांदे आणि गुडघे झाकलेले. भिक्षूंना बाईनं स्पर्श करू नये, वस्तूही थेट हातात देऊ नये. नोटेवर राजाचं चित्र असतं. खाली पडली तर पायानं अडवू नका. राजघराण्याची थट्टा तर नकोच, तिथे तो गुन्हा आहे. जेवताना चमचा उजव्या हातात. डाव्या हातातल्या काट्यानं घास चमच्यावर सारायचा.

अंबाबाईच्या देवळात पाहुण्यानं रीत पाळावी, असं आपल्याला वाटतंच ना? मग पाहुणे आपण असताना तेवढं आपणही करूया!